भेग

दुपारी जेवून जरा लवंडले आणि भिंतीवरची भेग दिसली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी खाली उतरलेली, केसाएवढी. रंगवाल्याला फोन केला तर म्हणाला, "प्लास्टरची असंल ताई, लांबी भरली की जाईल." सोमवारी येतोय.

जाईल हो. पण एडगर ॲलन पोच्या भयकथा वाचलेल्या बाईला भेगेबद्दल असलं काही सांगून उपयोग नसतो. त्याची १८३९ सालची अशरच्या वाड्याची कथा आठवते ना? शरद ऋतूतला ढगाळ, मुका दिवस, डोळ्यांसारख्या रिकाम्या खिडक्या, समोर काळंशार तळं. घोड्यावरून आलेला निवेदक वाडा न्याहाळतो आणि जाता जाता सांगतो, छपरापासून नागमोडी उतरत तळ्यात शिरणारी एक भेग आहे, नीट पाहिल्याशिवाय दिसायची नाही. बस. मग थेट शेवटापर्यंत भेगेचं नाव नाही. आजारी भाऊ, जुळी बहीण, तळघर, वादळ, सगळं होतं. आपण भेग विसरतो. आणि शेवटी त्याच फटीतून लालभडक चंद्र दिसतो. तीन वर्षांनी त्यानं लाल मृत्यूच्या कथेत ठोके देणारं काळं घड्याळ ठेवलं. ते मला नाटकीच वाटतं. दर तासाला वाद्यं थांबवून घाबरवायचं म्हणजे काय! भेग बिचारी गप्प असते.

त्या कथेतली आसपासची माणसं 'अशरचं घर' म्हणताना वास्तू आणि घराणं यांत फरक करत नाहीत. शेवटी दोन्ही एकाच रात्री संपतात, वाडा दुभंगून तळ्यात गडप होतो. कॉलेजात हे प्रतीक म्हणून शिकवलं होतं, मी वहीत दोनदा अधोरेखितही केलं. आमची आजी तर कुणाही दारुड्याबद्दल बिनदिक्कत म्हणायची, "मेल्यानं घर बुडवलं." तळं असो नसो.

आजोळी माजघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग होती. आजोबांनी तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंट थापून बसवली होती. भिंत हलली तर काच तडकणार. (या पट्टीला इंग्रजीत 'टेल-टेल' म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आणि पोची ती फरशीखाली धडधडणाऱ्या काळजाची गोष्ट? 'टेल-टेल हार्ट'! त्या दिवशी मी उगीचच दोघा-तिघांना फोन करून सांगितलं. कुणाला काही वाटलं नाही.) मे महिन्यात एसटीतून उतरलं की पिशवी ओसरीवर टाकून मी आधी माजघरात धावायची. तिथं भरदुपारीही टॉर्च लागायचा. एकदा आजोबांनी पाहिलं.

"तडकायची वाट बघतेस होय गं?"

मी नाही म्हणाले. बघत होते.

पुढे आजोबा गेले, आजी गेली. मामांच्या वाटण्या झाल्या, कोर्टात तारखा पडल्या, धाकटा मामा आईच्या दिवसांनाही आला नाही. वाडा विकला तेव्हा उरलेली भांडी आणायला मी गेले होते. जाताना माजघरात टॉर्च मारला. पट्टीवर धूळ साचली होती, बोटानं पुसून पाहिली. साधा चरासुद्धा नव्हता.