पाळण्याच्या माथ्यावर कमी झालेले वजन

यंदा आमच्या गावच्या जत्रेत भाचीबरोबर आकाशपाळण्यात बसलो होतो. माथ्यावरून पाळणा खाली झुकू लागताच तिने माझा दंड घट्ट धरला आणि विचारले, "मामा, पोटात गोळा का येतो रे?" मी "भीतीने" असे सांगून वेळ मारून नेली, खरे उत्तर थोडे लांबलचक आहे.

वजन म्हणून आपल्याला जे जाणवते ते पृथ्वीचे ओढणे नसून बैठकीने खालून दिलेला रेटा असतो. वर्तुळात फिरणाऱ्या माणसाला सतत केंद्राकडे नेणारे अभिकेंद्री बल लागते. माथ्यावर ते गुरुत्वाकर्षणातूनच परस्पर वळते होते, त्यामुळे बैठकीचा रेटा तेवढ्याने घटतो. तळाशी मात्र केंद्र डोक्यावर असल्याने बैठकीला आपले वजन पेलून वर हे बलही पुरवावे लागते. पुढच्या फेरीला मी मोबाइलवर वेळ मोजली, ती 10 सेकंद भरली. त्रिज्या अंदाजे 8 मीटर धरली, तर 60 किलोच्या माणसाच्या बुडाखालचा वजनकाटा माथ्यावर सुमारे 41 आणि त्यानंतर पाचच सेकंदांनी तळाशी 79 किलो दाखवील. पाळणेवाल्याने जोर चढवून फेरी 8 सेकंदांवर आणली, तर हेच आकडे साधारण 30 आणि 90 होतात. पोटातल्या आतड्यांचाही आधार असाच कमी-जास्त होत असतो, त्यामुळे दोष केवळ भित्रेपणाला देता येत नाही.

उंचीचा यात फारसा हात नाही. लंडनचा 'लंडन आय' 135 मीटर उंच आहे, पण त्याची एक फेरी सुमारे 30 मिनिटांची असल्याने माथ्यावर त्याच माणसाचे वजन जेमतेम चमचाभर साखरेइतके, म्हणजे चार-पाच ग्रॅमच घटते. त्रिज्या दुप्पट केली तर हे बल दुप्पट होते, फेरीचा वेळ निम्मा केला तर चौपट.

शेजारी साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचे चक्र फिरत होते. एका खुर्चीत चांगले धष्टपुष्ट गृहस्थ होते आणि त्यांच्या पुढची खुर्ची रिकामी होती, तरी दोन्ही जवळपास सारख्याच कोनात बाहेर कलल्या होत्या. खुर्च्यांना काहीतरी बाहेर फेकते असे आपण सर्रास म्हणतो. जमिनीवरून पाहणाऱ्याच्या हिशेबात तसे बल नसतेच, उलट तिरकी झालेली साखळी खुर्चीला आत ओढत असते. जितके वस्तुमान जास्त तितके हे ओढणेही जास्त लागते आणि गुरुत्वाकर्षणही तितकेच जास्त असते, त्यामुळे कोन ठरवताना वस्तुमान हिशेबातून निघून जाते. साखळीची मात्र अशी सुटका नाही: 30 अंशांच्या कलाला 80 किलोचा माणूस तिला 92 किलोचा पडतो.

भाचीला त्या रिकाम्या खुर्चीत बसायचे होते. तिला बसवण्यापूर्वी मी साखळीची वरची कडी बराच वेळ निरखून पाहिली.