झोपाळा जागचा हलणार नव्हता: पियानोभोवती दिवाणखाना मांडण्याची नोंदवही

नाशिकमधील गंगापूर रस्त्यावरील आमच्या सदनिकेचा दिवाणखाना १८ फूट लांब, १३ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. खोलीची लांबी दक्षिणोत्तर आहे. उत्तरेला गॅलरी, दक्षिणेच्या भिंतीत नैर्ऋत्य कोपऱ्याकडे मुख्य दार, पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्या आणि पूर्वेची भिंत आतल्या खोलीला लागून, अशी तिची रचना आहे. या खोलीत १६१ सेंटिमीटर लांबीचा, १४९ सेंटिमीटर रुंदीचा आणि सुमारे २९० किलो वजनाचा वापरलेला ग्रँड पियानो आणायचे फेब्रुवारीत नक्की झाले. सोफा, दिवाण, टीव्ही, काचेचे शोकेस, पुस्तकांची दोन कपाटे आणि छताच्या कड्यांना टांगलेला आईचा सागवानी झोपाळा एवढे सामान आधीपासून होतेच. टीव्ही आतल्या खोलीत हलवण्यास पत्नीने आपणहून संमती दिली. आईची एकच अट होती, की झोपाळा जागचा हलणार नाही. कड्या स्लॅबच्या सळईत बसवलेल्या असल्यामुळे ती अट केवळ मायेची नव्हती, बांधकामाचीही होती. सदनिकेत ग्रँड पियानो आणण्याच्या विचारात असलेल्यांना उपयोगी पडावे म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

१० मार्च. जुनी वर्तमानपत्रे एकमेकांना चिकटवून पियानोच्या मापाचा कागदी साचा कापला आणि जमिनीवर अंथरला. हे काम तासाभराचे आहे. ते प्रत्येकाने करावे, असे मी आग्रहाने सांगेन. कारण आकड्यांत ५ फूट ३ इंच लांबी फार वाटत नाही, पण वादकाच्या बैठकीसाठी दोन फूट आणि तिच्या मागून माणूस जाण्यासाठी आणखी तीन फूट धरले, की लांबीच्या दिशेने दहा फूट निघून जातात.

मनात पहिली जागा पश्चिमेच्या खिडक्यांलगतची होती, कारण बाहेरून येणाऱ्याला पियानो तिथे सर्वांत सुंदर दिसला असता. साचा तिथे चार आठवडे ठेवला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेचारनंतर निम्म्याहून अधिक कागदावर थेट ऊन येऊ लागले. शिवाय नाशिकमध्ये पावसाचा मारा बहुतांशी पश्चिमेकडून येतो आणि जुलैत या खिडक्यांच्या चौकटी आतून ओल्या होतात, हे मला ठाऊक होते. उन्हाने पॉलिश आणि ओलीने लाकूड, दोन्ही बिघडणार असतील, तर त्या सौंदर्याचा उपयोग नाही.

८ एप्रिल. साचा पूर्वेच्या आतल्या भिंतीकडे नेला. येथे ग्रँड पियानोच्या रचनेतील एक गोष्ट निर्णायक ठरते. वादकाच्या डाव्या हाताची, म्हणजे खर्जाच्या बाजूची कड सरळ असते, झाकणाच्या बिजागऱ्या त्याच बाजूला असतात आणि झाकण उजवीकडे उघडते. उघडलेले झाकण आवाज अडवून उजवीकडे, वळणदार बाजूने खोलीत फेकते. म्हणून सरळ कड भिंतीकडे आणि वळण श्रोत्यांकडे, हा मांडणीचा पहिला नियम मानावा. पियानो उलटा ठेवला, तर आवाज भिंतीवर आदळतो आणि श्रोत्यांना झाकणाची पाठ दिसते.

पूर्वेची भिंत डाव्या हाताला घ्यायची म्हणजे वादकाचे तोंड दक्षिणेला होते. गॅलरी त्याच्या पाठीशी येते आणि उत्तरेचा शांत, फारसा न बदलणारा प्रकाश खांद्यावरून स्वरलिपीच्या पानावर पडतो. मुख्य दार समोर राहिल्याने येणारा माणूसही वाजवणाऱ्याला दिसतो. भिंत आणि पियानो यांच्यामध्ये सहा इंचांची फट ठेवली आहे, म्हणजे हवा खेळती राहते आणि झाडूही आत जातो.

मग झोपाळ्याचा प्रश्न उरला. तो दक्षिणेच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, खोलीच्या रुंदीच्या मधोमध टांगलेला असून दक्षिणोत्तर झुलतो. आईला झोपाळ्यावर बसवून, तिच्या नेहमीच्या लयीत झोका घ्यायला सांगून, पाटाची पुढची कड कुठवर येते ते मी खडूने जमिनीवर आखले. ती रेघ साच्याच्या शेपटीच्या पातळीजवळ येत होती, पण शेपटी भिंतीकडे निमुळती होत गेल्यामुळे झोक्याच्या वाटेत पियानोचा कोणताच भाग नव्हता. पियानो आयताकृती असता, तर त्याचा कोपरा नेमका आईच्या गुडघ्यांजवळ आला असता. ज्या वळणामुळे हे वाद्य मांडायला अवघड जाते, त्याच वळणाने झोपाळ्याला जागा करून दिली, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.

२ मे. जमिनीची तपासणी. २९० किलो वजन तीन पायांवर विभागले, तर सरासरी प्रत्येकी ९७ किलो होतात आणि ते चाकाच्या जेमतेम बोटभर जागेतून फरशीवर उतरतात. व्हिट्रिफाइड फरशीखाली सिमेंटचा थर पोकळ राहिलेला असेल, तर ती तडकण्याची भीती असते. प्रत्येक फरशी नाण्याने ठोकून पाहिली. पुढच्या डाव्या पायाखालची फरशी बद्द वाजली. ती काढून गवंड्याकडून पुन्हा पक्की बसवून घेतली. चाकांखाली ठेवण्यासाठी सुताराने पंचवटीतील एका जुन्या वाड्याच्या सागवानी चौकटीतून आठ इंच व्यासाच्या तीन चकत्या करून दिल्या. त्यांच्या मध्यभागी चाक बसेल असा खोलगट खळगा आहे आणि खाली जाड नमदा चिकटवला आहे.

१८ मे. पियानो आला. पाय आणि पेडलांचा सांगाडा सुटा करून, सरळ कडेवर उभा केलेल्या वाद्याला फळीवर बांधून सहा जणांनी तो दुसऱ्या मजल्यावर चढवला.

२५ मे. सात दिवस वाजवल्यानंतरची नोंद अशी, की पियानो उत्तम आहे आणि खोली वाईट आहे. सामान हलवण्याच्या गडबडीत पडदे उतरवलेले होते. फरशी, प्लास्टर आणि काच यांच्यामध्ये प्रत्येक स्वराचा घुमारा पुढच्या स्वरावर चढत होता. टाळी वाजवली, की समोरासमोरच्या भिंतींमधून फडफडल्यासारखा प्रतिध्वनी येई.

या प्रश्नाचा अभ्यास करताना वॉलेस सॅबाइन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाची हकिगत वाचून मी भारावून गेलो. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात घुमाऱ्यामुळे बोलणे कळत नसे. सॅबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री त्या सभागृहात आणून मांडल्या, किती गाद्यांनी नाद किती लवकर विरतो ते मोजले आणि सकाळपूर्वी गाद्या परत पोहोचवल्या. त्यातून निघालेले सूत्र साधे आहे: खोलीचे घनमीटरमधील आकारमान ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने (सगळे पृष्ठभाग मिळून जितका आवाज पितात, तितका पूर्ण पिणाऱ्या पृष्ठभागाचे चौरस मीटर) भागावे, म्हणजे नाद विरण्याचा काळ सेकंदांत मिळतो. आमची खोली सुमारे ६६ घनमीटर आहे. उघड्या खोलीचे शोषण माझ्या अंदाजे ४ चौरस मीटर धरले, तर उत्तर अडीच सेकंदांहून अधिक येते. दिवाणखान्यातील पियानोला पाऊण सेकंदाच्या आसपासचा काळ मला योग्य वाटतो. त्यासाठी हे शोषण १४ चौरस मीटरपर्यंत न्यायला हवे होते. सोफा कुठे शोभतो हा प्रश्न तिथेच मागे पडला आणि सोफा किती आवाज पितो याचा हिशेब मी करू लागलो.

१४ जून. पश्चिमेच्या खिडक्यांना खिडकीच्या दुप्पट रुंदीचे, दाट चुण्यांचे जाड पडदे लावले. तीन जणांचा सोफा त्यांच्याखाली सरकवला, त्यामुळे पियानो आणि सोफा यांच्यामध्ये पावणेपाच फुटांची वाट राहते. आधी सोफा याहून दोन फूट पुढे होता, तेव्हा झाकण पूर्ण उघडल्यावर बसणाऱ्याला तार सप्तक टोचत असे. पुस्तकांची कपाटे दक्षिणेच्या भिंतीशी, झोपाळ्याच्या मागे उभी केली. कमी-अधिक उंचीच्या आणि रुंदीच्या पुस्तकांमुळे आवाज एका दिशेने परत न येता विखुरतो, आणि टाळीची फडफड जवळजवळ गेली.

पियानोखालच्या अंथरुणाने मला सर्वांत जास्त शिकवले. साउंडबोर्डचा, म्हणजे तारांचा कंप मोठा करणाऱ्या लाकडी पाटाचा, निम्मा आवाज खालच्या बाजूनेही बाहेर पडतो. तिथे प्रथम जाड लोकरी गालिचा पसरला, तेव्हा घुमारा कमी झाला, पण वाद्याची चमकही गेली आणि स्वरामागे लांबत जाणारी आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, आखूड वाटू लागली. गालिचा काढून साधी सुती सतरंजी घातली, तर तार सप्तकाची धार तेवढी मऊ झाली आणि खर्जाचे अंग शाबूत राहिले. गालिचा आता सोफ्यापुढे आहे.

२९ जून. पियानोच्या मधल्या ‘सी’च्या खालचा एफ, म्हणजे सुमारे १७५ हर्ट्झचा स्वर वाजवला, की कुठून तरी झणझण ऐकू येई. मुलीने स्वर धरून ठेवला आणि मी खोलीभर कान लावत फिरलो. शोकेसमधील काचेच्या फळीवर ठेवलेली समई आणि तिच्याखालचे ताम्हन एकमेकांना बोलत होते. ताम्हनाखाली नमद्याचा तुकडा ठेवला आणि शोकेसच्या सरकत्या काचांच्या खाचेत रबरी पट्टी घातली. झोपाळ्याच्या पितळी कड्याही खर्जात किणकिणत. त्यांच्या सांध्यांत खोबरेल तेल सोडल्यावर तेही थांबले.

६ ऑगस्ट. आर्द्रतामापक पियानोच्या पोटाखाली टांगलेला आहे. एप्रिलच्या दुपारी त्याच जागी २४ टक्के दिसत होते, पावसाळ्यात आर्द्रताशोषक यंत्र लावण्यापूर्वी ७९ झाले होते. पियानोला ४० ते ६० टक्क्यांदरम्यानची स्थिर हवा मानवते. दमट हवेत साउंडबोर्ड फुगतो, त्याचा फुगवटा तारा ज्यावर टेकतात त्या घोडीला वर रेटतो, तारांचा ताण वाढतो आणि स्वर चढतात. मधली सप्तके खर्जापेक्षा जास्त चढतात, म्हणून वाद्य स्वतःशीच बेसूर होते. आर्द्रताशोषक यंत्र बैठकीच्या मागे, गॅलरीच्या दाराजवळ ठेवले आहे. ते सुरू असताना खिडक्या बंद ठेवतो आणि त्याचा झोत पियानोवर येऊ देत नाही. गेल्या पाच दिवसांत आकडा ६२ ते ६५ च्या मध्ये राहिला.

२१ सप्टेंबर. मुंबईच्या ट्यूनरांना पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरअखेर बोलावले आहे. हवा अजून बदलत असताना ट्यूनिंग करून घेतले, तर हिवाळा कोरडा होताच स्वर पुन्हा उतरतील. आई संध्याकाळी झोपाळ्यावर बसते आणि झोका थांबवून ऐकते. मीही तिथे बसून पाहिले, मुलगी वाजवत होती. खर्ज आणि तार दोन्ही तिथे सोफ्यापेक्षा समतोल पोहोचतात. दिवाणाची जागा अजून ठरलेली नाही. तो वायव्य कोपऱ्यात नेला, तर गॅलरीचे दार पूर्ण उघडत नाही, आणि बाहेर काढायला मन होत नाही, कारण सॅबाइन यांच्या हिशेबात त्याच्या कापसाच्या गादीचा वाटा मोठा आहे. पुढच्या रविवारी गादी काढून आणि गादी ठेवून, दोन्ही वेळा फुगा फोडून नाद विरण्याचा काळ मोजणार आहे.