बर्फातील सायकल: आधी टायर, मग बाकीचे

फिनलंडमधील ओउलू या शहरात, जिथे २०१३ साली हिवाळी सायकलस्वारीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, मी बाराही महिने सायकलनेच कामावर जातो. पहिल्याच नोव्हेंबरात भुरभुरीत हिमाखाली दडलेल्या काचेसारख्या थरावरून गुळगुळीत टायर सटकला आणि वळणावर मी कोपरावर आपटलो; तेव्हापासून माझे ठाम मत आहे की हाती पैसे मोजके असतील, तर ते आधी खिळ्यांच्या टायरांवर, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून रबरात धातूचे बारीक खिळे बसवलेल्या टायरांवर, खर्चावेत.

खिळ्यांची टोके टंगस्टन कार्बाइडची आहेत ना, हे पाहून घ्यावे, कारण साध्या पोलादाची टोके डांबरावर लवकर झिजतात. नव्या टायरांवर पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर डांबरावरून, जोराचा ब्रेक न दाबता, बेताने जावे, म्हणजे खिळे रबरात घट्ट बसतात. जोडी परवडत नसेल, तर एक टायर पुढच्या चाकाला लावावा. मागचे चाक घसरले तर बहुधा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस पडतोच. दाबून सपाट केलेल्या शहरी वाटांवर ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदी मला पुरते. फॅटबाइक, म्हणजे खूप जाड टायरांची सायकल, मऊ, खोल बर्फासाठी उत्तम, रोजच्या वाटेवर मात्र जड.

सायकल साधी असावी: हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत बंदिस्त गिअर, डिस्क ब्रेक आणि मडगार्डखाली भरपूर मोकळी जागा. माझ्या जुन्या सायकलीच्या उघड्या गिअरवर करड्या बर्फाचा गोळा गोठून साखळी दातांवरून उडत असे. ती सायकल रात्री उबदार घरात आणली, की वितळलेले पाणी केबलमध्ये शिरून सकाळी बाहेर पुन्हा गोठे. म्हणून आता सायकल थंड शेडमध्येच ठेवतो.