चांगला हात पिशवीत

"डॉक्टर, आईंचा चालता हात बांधून ठेवायचा? मग त्यांनी जेवायचं कशानं?" सुनेचा प्रश्न रास्त होता. मावशींची उजवी बाजू पक्षाघातानं गेली होती. त्याला पाच महिने झाले होते.

माझ्या हातात २००६ सालच्या 'एक्साइट' चाचणीचा लेख होता. चांगला हात अडवून दुबळ्या हाताला काम करायला लावायचं, या उपचाराची ती चाचणी. २२२ रुग्ण, जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगल्या हाताला जाड हातमोजा, दुबळ्या हाताचा रोज ६ तासांपर्यंत सराव, असे दोन आठवडे. सुधारणा वर्षभरानंतरही टिकलेली. आमच्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत माणशी अर्धा तास मिळतो. त्यातली दहा मिनिटं शेक आणि करंट खातात, कारण मशीन लावलं नाही तर "आज काही केलंच नाही" असं रुग्ण घरी सांगतो.

मग या पद्धतीचं सौम्य रूप सापडलं: आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास माझ्याकडे, घरी आठवड्यातले पाच दिवस पाच-पाच तास हातमोजा, असे दहा आठवडे. मावशींचं मनगट आणि बोटं थोडी तरी उचलली जात होती. तेवढंही नसतं तर मी हे सुचवलंच नसतं.

हातमोजा म्हणून सुनेनं जुन्या चादरीची पिशवी शिवली. संडासला जाताना आणि पाण्याच्या कामाला ती काढायची, हे आधीच ठरवलं. नाहीतर पहिल्याच दिवशी सगळं संपलं असतं.

खरी अडचण प्रश्नावलीत आली. हात रोजच्या कामात किती वापरला जातो हे विचारणारे तीस प्रश्न; त्यात पायमोजे घालणं, अर्धं सँडविच खाणं. मावशी हसल्याच. मी त्या जागी चपातीचा घास मोडणं, लसूण सोलणं, कुंकू लावणं घातलं. त्यामुळे आमचे गुण छापील अभ्यासांच्या गुणांशी लावून बघता येत नाहीत. ही चूक असेल, पण मला ती परवडली.

तिसऱ्या आठवड्यात प्रगती थांबली. वहीत पाच तास नीट लिहिलेले. विचारल्यावर कळलं, मावशींची धडपड बघवत नाही म्हणून सून घास भरवायची. त्यानंतर मी मावशींपेक्षा तिच्याशीच जास्त बोलले.

दहाव्या आठवड्यात मावशींनी कुंकवाची डबी स्वतः उघडली. निऱ्या अजून सूनच घालते.