आर्टिकल सहा

ठाण्याच्या सेशन कोर्टात त्या दिवशी पोस्टमॉर्टेम केलेल्या डॉक्टरांची साक्ष होती आणि मुद्देमालातून नऊ पाकिटं मागवली होती. अकराच्या आत ती मुद्देमाल कारकुनाकडून मोजून घ्यायची, रजिस्टरला सही करायची, सील आणि पंचांच्या सह्यांची लेबलं तपासायची, लाख फुटली असेल किंवा उंदराने कोपरा कुरतडला असेल तर तिथेच टिपण घालायचं. आम्हा पैरवीवाल्यांचं, म्हणजे सरकारी पक्षाची कोर्टातली धावपळ पाहणाऱ्यांचं, हे रोजचं काम. नऊतलं सहावं पाकीट, कोर्टाच्या भाषेत आर्टिकल सहा, तळहाताएवढं, खाकी. आत नायलॉनची दोरी आणि तिच्यावर गाठ. पुढचे चार तास सगळे त्या गाठीभोवती बसले होते.

प्रकरण असं. एकट्या राहणाऱ्या दोन वृद्ध बायका, एक कळव्याकडची, दुसरी घोडबंदर रोडच्या बाजूची. दोघींचा गळा दोरीने आवळलेला, अंगावरचं सोनं गेलेलं. मध्ये चौदा महिने. पोलीस ठाणी दोन, एफआयआर दोन, तपास अधिकारी दोन. आरोपी एक, टेम्पोवर माल चढवणारा. दुसऱ्या खुनानंतर सहाव्या दिवशी तो सोनं विकायला गेला आणि सराफाने कळवलं.

पेपरवाले अशा माणसाला सीरियल किलर म्हणून मोकळे होतात. कायद्यात असा गुन्हाच नाही. प्रत्येक खून सुटा, त्याचा दोषारोप सुटा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 219 प्रमाणे एकाच प्रकारचे गुन्हे बारा महिन्यांच्या आत घडले असतील तर जास्तीत जास्त तीन एका खटल्यात घेता येत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 242 मध्ये, ते पाच झाले. आमचं प्रकरण जुन्या कायद्यातलं, आणि मधलं अंतर चौदा महिन्यांचं. म्हणजे दोन सेशन केस. न्यायाधीश तेच, सरकारी वकील त्याच, पण एका केसमधली साक्ष दुसरीत वाचायची नाही. ‘यानेच आधीही असंच केलंय’ हे वाक्य सरकारी वकील मॅडमनी उच्चारलं असतं तर बचावाचे वकील त्याच क्षणी उभे राहिले असते आणि त्यांचंच बरोबर ठरलं असतं.

रामन राघवचं हेच झालं होतं. ऑगस्ट 1968 मध्ये तो मुंबईत पकडला गेला, चाळीसएक खुनांची कबुली दिली असं आजही सांगतात, पण खटला चालला तो मालाडच्या दोन खुनांचा. पोलिसांसमोरच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. मॅजिस्ट्रेटसमोर दिली तरी ती प्रत्येक खुनाच्या स्वतंत्र पुराव्याशी जुळवावी लागते, आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसाच्या खुनात असा पुरावा किती उरणार? पुण्याच्या जोशी-अभ्यंकर प्रकरणात उलटं होतं. 1976 आणि 77 मधले दहा खून, पण टोळी एक आणि तिच्यातलाच एकजण माफीचा साक्षीदार. कोल्हापूरच्या गावित मायलेकींच्या प्रकरणातही मोठ्या मुलीचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अशी आतली माणसं सगळ्या घटना एका साक्षीत ओवून देतात. एकट्याने खून करणाऱ्याच्या बाबतीत आतलं माणूस नसतंच. तिथे बोलतात त्या फक्त वस्तू, आणि त्या पहिल्या दिवशी कशा उचलल्या यावर सगळं ठरतं.

आता गाठीकडे येऊ. प्रेताच्या गळ्यात दोरी असेल तर ती जागेवर सोडवायची नाही. इन्क्वेस्ट पंचनाम्यात, म्हणजे प्रेताच्या पंचनाम्यात, वेढे किती, गाठ मानेच्या कुठल्या बाजूला, मोकळी टोकं किती लांब, एवढं लिहायचं. फोटो चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर डॉक्टर दोरी कापतात ती गाठीच्या विरुद्ध बाजूने. कापलेली दोन्ही टोकं लगेच वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधून ठेवायची, म्हणजे मूळ टोकं कोणती आणि आपण कापलेली कोणती हे दोन वर्षांनीही कळतं. दोरी ओली असेल तर सावलीत वाळवायची, मग कागदी पाकिटात. प्लॅस्टिकमध्ये कोंडली की बुरशी येते आणि डीएनए हाती लागण्याची आशा कमी होते.

दुसऱ्या केसमध्ये हे सगळं झालं होतं. सील शाबूत असल्याची नोंद करून न्यायाधीशांनी पाकीट उघडायला सांगितलं. साडेचार-पाच मिलीमीटर जाडीची निळी दोरी, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली टोकं, दोन वेढे आणि मध्ये गाठ. गाठ म्हणजे दोरीतच एक छोटा फास काढून, दुसरं टोक त्यातून ओढून घेतलेलं आणि ओढलेल्या अवस्थेतच वर आडवी गाठ मारून ते पक्कं केलेलं. ट्रकवर ताडपत्री आवळताना मारतात तशी. ओढत जावं तशी घट्ट होते आणि हात सोडला तरी सैल पडत नाही. डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये धरून दाखवली. मानेवरचा वळ आडवा, सलग, कंठमण्याच्या खाली होता. माणसाने स्वतःला टांगून घेतलं तर वळ बहुधा तिरका आणि कंठमण्याच्या वर असतो, गाठीकडे तुटक होत जातो. वयस्कर बाईंचं कंठाचं हाड मोडलेलं होतं. आवळलेल्या गळ्यात ते प्रत्येक वेळी मोडतंच असं नाही, पण वय वाढतं तसं ते ठिसूळ होतं.

पहिल्या केसमध्ये हे झालं नव्हतं. एका सरकारी शवागारात कर्मचाऱ्याने गळा मोकळा करायचा म्हणून आधी गाठ सोडवायचा प्रयत्न केला, जमेना तेव्हा गाठीच्या बाजूनेच कात्री घातली. लॅबला गेले ते दोरीचे तीन तुकडे. मुद्दाम कुणी केलं नाही. गाठ हाही पुरावा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि पहाटे चार वाजता टेबलाशी उभा राहिलेला माणूस हातात येईल ते करतो. नशिबाने इन्क्वेस्टचा फोटोग्राफर हौशी निघाला. त्याने मानेच्या उजव्या बाजूचा एक फोटो इतक्या जवळून काढला होता की गाठीचे पदर मोजता येत होते. फास, त्यातून गेलेलं टोक, वर आडवी गाठ. तीच. पण मोजपट्टी ठेवायला तोही विसरला होता.

दोन्ही तपास अधिकाऱ्यांनी तो फोटो आणि ही दोरी शेजारी ठेवली तेव्हा तपासाला दिशा मिळाली, हे खरं. कोर्टात मात्र तेवढ्यावर काही मिळत नाही. बचावाच्या वकिलांनी उलटतपासात डॉक्टरांना विचारलं, “ही गाठ वाशीच्या मार्केटात रोज किती लोक मारत असतील?” डॉक्टर म्हणाले, “ते मी सांगू शकत नाही.” यावर न्यायाधीशांनी काही टिपून घेतलं. प्रश्न रास्त होता. सारखी गाठ दिसली तर दोन्हीकडे हात एकच असावा असा संशय घेता येतो. तो हात आरोपीचाच, हे गाठ सांगत नाही. पोलिसांना हे पटवून देणं अवघड जातं. त्यांना गाठ सापडली की आरोपी सापडल्यासारखंच वाटतं.

हात कुणाचा हे गाठीच्या पोटात असू शकतं. दोरी आवळताना तळहाताची त्वचा घासते, सुटलेल्या पेशी पदरांमध्ये अडकून राहतात, बाहेरच्या हवेपासून वाचतात. पण त्या काढायच्या तर गाठ सोडावी लागते, आणि सोडली की गाठ गेली. लॅबला पाठवायच्या पत्रात काय मागायचं यावर तपास अधिकारी आणि मॅडम यांच्यात तेव्हा बराच वाद झाला होता. शेवटी ठरलं की आधी सर्व बाजूंनी फोटो, मग मोकळ्या टोकांवरून आणि बाहेरच्या पदरावरून नमुना, गाठ तशीच. कलिन्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला तो मिश्र प्रोफाइलचा, म्हणजे एकाहून जास्त माणसांच्या पेशी. आरोपीला वगळता येत नाही, इतकंच. गाठ सोडली असती तर स्वच्छ प्रोफाइल मिळालं असतं का? मला वाटतं शक्यता होती. मॅडमना आजही तसं वाटत नाही.

दुपारनंतर साखळीचा, म्हणजे वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली याचा, विषय निघाला. जप्तीपासून लॅबपर्यंत अकरा दिवस दोरी कुठे होती? उत्तर तीन कागदांत असतं. मालखान्याच्या रजिस्टरमधली नोंद, माल घेऊन गेलेल्या शिपायाचा जबाब आणि लॅबची पोच, जिच्यावर सीलचा ठसा जुळला असं लिहिलेलं असतं. म्हणून पाकिटावर मारलेल्या सीलचा नमुना ठसा पत्रासोबत वेगळा पाठवायचा. दुसऱ्या केसमध्ये तिन्ही होतं. पहिल्या केसमध्ये शिपायाचा जबाबच घेतलेला नव्हता आणि रजिस्टरची झेरॉक्स लावली होती, मूळ वही नाही. पंच फितूर झाला तर निदान तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर काही निभावतं. ही फट कुणाच्याच साक्षीने बुजत नाही.

दुसऱ्या केसमधली बोरमाळ मात्र पक्की होती. आरोपीने पंचांसमोर दिलेलं निवेदन आणि त्यानंतरची जप्ती, असे दोन पंचनामे. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 27 खाली येत ते. निवेदनात पोलिसांनी नेहमीप्रमाणे ‘मी खून करून चोरलेली बोरमाळ’ असं लिहून ठेवलं होतं. कोर्टाने ‘खून करून’ला कंस घालून तो भाग वाचायचा नाही असं सांगितलं. ग्राह्य उरलं ते एवढंच, की अमुक जागी ठेवलेली बोरमाळ काढून देतो. जागा त्याच्या खोलीतल्या माळ्यावर, पिठाच्या डब्यात. उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी सापडली असती तर तिचं वजन निम्मं झालं असतं.

ओळख परेडसाठी सारख्या सहा बोरमाळा सराफाकडून आणून मिसळल्या होत्या. बाईंच्या सूनबाईंनी सातांतून ती काढली. एक मणी हरवल्यावर सासूबाईंनी जरा मोठा मणी बसवून घेतला होता आणि फासा लाल दोऱ्याने गुंडाळला होता. तो दोरा तेलकट होऊन काळपट पडला होता. साक्षीत सूनबाई म्हणाल्या, “आईंना तो दोरा टोचायचा, म्हणून त्या पदराच्या आत ठेवायच्या.” बचावाने त्यावर प्रश्न विचारला नाही. खुनानंतर सहा दिवसांत मयताच्या अंगावरचा दागिना आरोपीकडे मिळाला आणि त्याने काही खुलासा दिला नाही, की कोर्ट त्याच्याविरुद्ध गृहीत धरू शकतं. पहिल्या केसमधल्या पाटल्या सराफाकडे लगडीच्या रूपात सापडल्या होत्या. वितळलेल्या सोन्याला कुणाची सून ओळखणार?

दुसऱ्या केसमध्ये पुढे जन्मठेप झाली. पहिल्या केसमध्ये संशयाचा फायदा देऊन सुटका. निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाच्या सारडा निकालाची पाच सूत्रं उतरवून काढली होती. 1984 च्या त्या निकालाने परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी असावी ते सांगितलं: प्रत्येक कडी स्वतंत्रपणे सिद्ध झालेली, आणि पूर्ण साखळी आरोपीच्या निर्दोषपणाशी विसंगत. पहिल्या केसमध्ये दोन कड्या नव्हत्याच. न्यायाधीशांना दुसरी केस माहीत होती, त्यांच्याच समोर चालली होती. तरी पहिल्या निकालात तिचा उल्लेख एका ओळीनेही नाही, आणि कायद्याने तो नसायलाच हवा होता.

साक्ष संपायला पावणेपाच वाजले. दोरी परत पाकिटात घालायची ती नव्या, पण जुनं पाकीट फेकायचं नसतं. त्यावर पोलीस ठाण्याचं आणि लॅबचं सील असतं, अपिलात ते पाहायला मागतात. जुनं पाकीट घडी करून आत, वर दोरी, वर कोर्टाची चिठ्ठी, न्यायाधीशांची सही, लाख, शिक्का. शिपायाने मेणबत्ती धरली होती आणि पंख्याने ती दोनदा विझली, म्हणून शेवटी पंखाच बंद केला. मुद्देमाल खोलीत कारकुनाने आर्टिकल सहा तिच्या फडताळात ठेवलं. खालच्या खणात पहिल्या केसचं पाकीट होतं, दोरीचे तीन तुकडे, अपिलाची मुदत संपेपर्यंत.