असईचा उतार

भोकरदनला पावसाची भुरभुर होती. टपरीवर चहा घेता घेता असईचा रस्ता विचारला, तर एका आजोबांनी उलट विचारलं, "कोणाकडं जायचं?" लढाईची जागा बघायचीय म्हटल्यावर हसले. "तिथं काय बगता? नुसती वावरं हायेत."

खरंच वावरं होती. कपाशी, मका आणि घोट्यापर्यंत चिखल. मला मात्र केळणा नदी बघायची होती.

23 सप्टेंबर 1803. इंग्रजांचा मेजर जनरल आर्थर वेलस्ली तेव्हा 34 वर्षांचा. वेलिंग्टनचा ड्यूक ही पदवी, नेपोलियनला हरवलं ते वॉटर्लू वगैरे सगळं अजून लांब. ऑगस्टमध्ये त्याने नगरचा किल्ला घेतला होता. आता समोर केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी. इंग्रजांच्याच कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी येऊन मिळायची होती, तिची वाट न बघता लढायचं त्याने ठरवलं. पण नदी ओलांडायची कुठे? वाटाडे म्हणाले, पायी पार होण्याजोगा दुसरा उतार नाही. त्याला दिसलं, की अल्याड एक गाव आहे आणि बरोबर समोर पल्याड दुसरं. म्हणजे जा-ये असणारच! फौज तिकडे वळवली, उतार सापडला. माझ्या आजीनेही हेच सांगितलं असतं, आणि तिने कधी घोडासुद्धा पाळला नव्हता.

पाण्यात असतानाच त्याच्या हाताखालच्या एका स्वाराचं मुंडकं तोफेच्या गोळ्याने उडवलं. पुढे तर शिंद्यांच्या गोलंदाजांनी कहर केला. पलटणी अंगावरून पुढे गेल्या, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही जण उठले आणि त्यांनी मागून तोफा डागल्या. आपल्या पुस्तकांत हरलो एवढंच येतं, हे गोलंदाज येत नाहीत. वेलस्लीचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. त्याचे 1,584 लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. रात्री तो तिथेच, मेलेल्या-जखमींच्या शेजारी जमिनीवर झोपला. म्हातारपणी कोणीतरी विचारलं, लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती? उत्तर वॉटर्लू नव्हतं, असई होतं.

काठावर बूट काढले, पँट दुमडली आणि पाण्यात पाय घातला. मागून गवताचा भारा घेतलेली एक बाई ओरडली, "तिकडनं नका जाऊ, गाळ हाय! इकडनं या."