आईच्या उंचीचा ओटा

आई एप्रिलच्या शेवटी आली आणि चौथ्याच दिवशी पोळपाट जेवणाच्या टेबलावर गेला. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर परात, पिठाचा डबा, लाटणं सगळं टेबलावर, तवा मात्र आत गॅसवर. आई लाटलेली पोळी हातावर घेऊन मधल्या दारातून आत जायची, भाजायची, परत बाहेर यायची. एकेका पोळीला एकेक फेरी.

"अगं आई, आतच लाट की."

"तुझा ओटा उंच आहे गं. खांदे भरून येतात."

त्या ओट्यावर अकरा वर्षं मी पोळ्या लाटल्या होत्या. माझेही खांदे दुखायचे. थंडीनं दुखतात, कॉम्प्युटरनं दुखतात असं मी धरून चालले होते. आईला चार दिवसांत जे कळलं ते मला कधी सुचलंच नव्हतं.

आमचं घर लंडनच्या वायव्येला, हॅरोमध्ये. मेट्रोपॉलिटन रेल्वे इकडे आली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जोडघरांच्या ओळी उभ्या राहिल्या, त्यांतलंच एक. डावीकडची भिंत शेजारच्या आजींची आणि आमची सामाईक. पुढे बैठकीची खोली, मागे जेवणाची, आणि तिला लागून स्वयंपाकघर: सात फूट रुंद, नऊ फूट लांब. दोघं आत उभी राहिली तर एकाला बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला फ्रीज उघडता येत नाही. जेवणाच्या खोलीच्या भिंतीत दोन झापांची एक लाकडी खिडकी होती. आतून ताट सरकवायचं, बाहेर बसलेल्यांनी उचलायचं. इथल्या जुन्या घरांत अशा खिडक्या खूप दिसतात. पाहुण्यांना ती फार आवडायची. मला ती बघून दर वेळी एकच वाटायचं, की हे घर बांधणाऱ्यानं रांधणारी आत आणि जेवणारे बाहेर हे पक्कं ठरवून टाकलंय. रविवारी नवरा आणि लेक बाहेर हसत असायची आणि मी आतून खिडकीतून विचारायची, "काय झालं? काय म्हणाली ती?" मला ती भिंत नको होती. गेली तीन वर्षं आम्ही तिच्यासाठीच पैसे साठवत होतो.

आईचं मत वेगळं. "भिंत पाडशील, पण फोडणी कुठं जाईल?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. इथे हिवाळ्यात सहा महिने खिडक्या बंद. मिरचीचा खाट उठला की वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला ठसका लागतो, आणि सुक्या बोंबलांचा वास गुरुवारपर्यंत कोटांना येत राहतो. आमच्या गॅसवरचा पंखा नुसता शोभेचा होता. कोळशाच्या फिल्टरमधून हवा ओढायची आणि तीच परत खोलीत सोडायची. तेलकटपणा थोडा अडतो, वाफ आणि बराचसा वास घरातच राहतो. आपल्या स्वयंपाकाला पंख्याची नळी भिंतीतून थेट बाहेरच जायला हवी. इथल्या नियमात शेगडीच्या वर पंखा असेल तर त्यानं सेकंदाला किमान ३० लिटर हवा बाहेर टाकावी असं आहे. पंखा खोलीत दुसरीकडे कुठे असेल तर ६०. आम्ही त्या ३० च्या बराच वरचा घेतला आणि नळी आखूड, सरळ ठेवायला लावली, कारण प्रत्येक वळणावर ओढ कमी होते. परदेशात घर दुरुस्तीला काढलेल्या कुणी मला विचारलंच, तर मी सांगेन की फरशीवर थोडे कमी खर्च करा, पण ही नळी बाहेर काढाच. आणि स्वयंपाकघरात धुराचा अलार्म नको, उष्णतेचा बसवा. नाहीतर दर फोडणीला घर बोंबलतं.

शेवटी आईचं निम्मं ऐकलं, माझं निम्मं केलं. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत पाडायची. पुढच्या बैठकीच्या खोलीचं दार मात्र ठेवायचं, घट्ट बंद होणारं.

भिंत पाडणं म्हणजे नुसती घणाची कामगिरी नाही. वरच्या मजल्याचा भार तिच्यावर. आधी इंजिनीअरनं हिशेब करून पोलादी तुळईचं माप दिलं, मग कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इमारत विभागाचा माणूस तपासून गेला. त्या तपासणीचा दाखला जपून ठेवावा लागतो, घर विकायच्या वेळी तो मागतात. तुळईचं एक टोक सामाईक भिंतीत बसणार होतं, म्हणून १९९६ च्या सामाईक भिंतींच्या कायद्याप्रमाणे शेजारच्या आजींना दोन महिने आधी लेखी नोटीस द्यायची होती. मला ते फार जड गेलं. सांगलीत आमच्या वाड्यातल्या भिंती अशाच सामाईक होत्या आणि तिथं कागद आला म्हणजे भांडण आलं असंच समजायचे. आई म्हणाली, "कागद दे, पण रिकाम्या हातानं जाऊ नकोस." तिनं खोबऱ्याच्या वड्या केल्या. आजींनी चष्मा लावून दोन्ही पानं नीट वाचली, सही केली, आणि धूळ कधी उडणार ते आधी सांग म्हणजे मी कपडे वाळत घालणार नाही, एवढंच म्हणाल्या.

छताला खरबरीत नक्षीचा गिलावा होता, त्याचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यात अॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेलं की फुप्फुसांना घातक असं तंतूंचं खनिज, मिसळायचे, आणि या देशात अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. आमच्या तुकड्यात निघालं. ते काढणारी माणसं वेगळी, त्यांचा खर्च वेगळा, आणि काम तीन आठवडे पुढे गेलं. कंत्राटदारानं दिलेल्या आकड्यात २० टक्के व्हॅट धरलेला नव्हता, हेही याच सुमारास कळलं. त्या रात्री नवरा आणि मी जिन्यात बसून वहीतली यादी खोडत होतो. उकळत्या पाण्याचा नळ खोडला, दिव्यांच्या पट्ट्या खोडल्या.

जुलैच्या मध्यात भिंत गेली आणि दहा आठवडे आम्हाला स्वयंपाकघर नव्हतं. पुढच्या खोलीत सोफा सरकवून सतरंजी अंथरली. एक विजेची इंडक्शन शेगडी, एक कुकर, एक कढई, मिसळणाचा डबा. भांडी वरच्या न्हाणीघरात टबाशी गुडघ्यांवर बसून घासायची. नवऱ्याचं म्हणणं होतं की दहा आठवडे बाहेरून मागवू. आईनं जावयाला थेट नाही म्हटलं नाही. "जावईबापू, आजच्या दिवस मी करते," असं ती रोज म्हणाली.

एका शेगडीवर काय होतं? मुगाची खिचडी, वर मेतकूट आणि तूप. पिठलं-भात, भात आधी करून टॉवेलात गुंडाळलेला. आणि चकोल्या. काही ठिकाणी वरणफळं म्हणतात, आमच्याकडे चकोल्या. तूरडाळ शिजवून पातळसर घोटायची. (इथलं पाणी क्षाराचं, डाळ शिजायला वेळ घेते. आई रात्री भिजत घालायला लागली आणि दोन शिट्ट्या वाचल्या.) लसूण-जिऱ्याची फोडणी, कांदा-लसूण मसाला, चिंच, गूळ. आमटी खळखळ उकळायला लागली की कणकेच्या जाडसर पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे एकेक करून सोडायचे. एकदम टाकले की गोळा होतो. वरून झाकण, दहा मिनिटं, मग तूप. पोळी, आमटी आणि घरातली सगळी माणसं एकाच पातेल्याभोवती.

लाटायला ओटा नव्हताच. आईनं पोळपाट चहाच्या बुटक्या टेबलावर ठेवला आणि स्वतः सतरंजीवर बसली. तिच्या शेजारी लेक बसली, करंजीचं कातणं घेऊन. नऊ वर्षांची आहे. तिला कडा नागमोडी कापायला आवडायचं, आणि तुकडे सारखे नसले तरी आजी काही म्हणायची नाही. "मोठा आधी सोड, बारका नंतर," एवढंच. नवरा लॅपटॉप मिटून लसूण सोलायला बसला. ही माणसं आधीही याच घरात राहत होती. पण उभ्यानं, भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक करणाऱ्या बाईजवळ बसायला जागाच नसते. लेकीनं शाळेतली एक गोष्ट, जी ती मला दोन महिने सांगत नव्हती, ती चकोल्या कापता कापता आजीला सांगितली. मी हात पुसत दारात उभी राहून ऐकत होते.

गणपतीही याच दहा आठवड्यांत आले. घरभर प्लास्टर, म्हणून मूर्ती बसवली नाही. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात दर्शनाला गेलो. हे मंडळ १९३२ सालचं, म्हणजे आमच्या घराच्याच वयाचं. घरी आल्यावर आईनं त्याच एका शेगडीवर अकरा मोदक उकडले.

सप्टेंबरात नव्या स्वयंपाकघराचा आराखडा पक्का करायची वेळ आली. दुकानातल्या मुलीनं स्क्रीनवर सुंदर चित्र दाखवलं. सगळीकडे एकच उंची, ९१ सेंटिमीटर. मी विचारलं, ९१ च का? कपाटाचा सांगाडा ७२, खाली पाय १५, वर ४ चा लाकडी किंवा दगडी थर. झाले ९१. माणूस कुठे मोजलाच नव्हता. मी म्हटलं, एक भाग ७६ चा हवा. ती नम्रपणे म्हणाली की उद्या घर विकताना हे लोकांना विचित्र दिसेल. तिचंही काही चुकत नव्हतं, पण आम्हाला घर विकायचं नव्हतं, त्यात पोळ्या लाटायच्या होत्या.

७६ हा आकडा मी आईवरून काढला होता. तिला दाराजवळ सरळ उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला. ९३ भरले. चिरायला, ढवळायला कोपरापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली पुरतं. पण कणीक मळताना आणि लाटताना वरून अंगाचा भार द्यावा लागतो, म्हणून आणखी खाली हवं. ९१ वर तिचे हात जवळजवळ कोपराच्या रेषेत होते. भार द्यायला ती खांदे उचलायची, तेच रात्री दुखायचं. आपल्याकडचा ओटाही काही फार वेगळा नसतो. ३२-३४ इंचांचा असतो आणि गवंडी आपल्या सवयीनं बांधतो.

तोडगा काढला सुताराकडच्या पोलिश माणसानं. त्यानं चित्र पाहिलं, पोळपाटावर बोट ठेवलं आणि "पिएरोगी" म्हणाला, म्हणजे त्यांच्याकडच्या पाण्यात उकडलेल्या करंज्या. त्याची आई जेवणाच्या टेबलावर लाटते. मग त्यानं एका ड्रॉवरच्या कपाटाचे पाय काढून टाकले. ७२ चा सांगाडा, ४ चा ओकचा फळा, बरोबर ७६. शेजारी दोन फूट मोकळी जागा सोडली, स्टूल सरकवून गुडघे आत घालून बसता येईल अशी. या बुटक्या फळ्याखाली भांडी धुण्याचं मशीन मावत नाही, त्याला साधारण ८२ ची उंची लागते. ते सिंकच्या दुसऱ्या बाजूला गेलं.

बाकीचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. पांढऱ्या दगडाचे नमुने घरी आणले होते, त्यावर आईनं न बोलता चिमूटभर ओली हळद ठेवली आणि सकाळी दाखवली. (लाकडावरच्या हळदीच्या डागाला ऊन दाखवलं की तो फिका होतो. इथे ऊन येईल तेव्हा.) शेगडी दोन तुकड्यांत घेतली, दोन गॅसचे बर्नर आणि शेजारी दोन इंडक्शनचे. दूध, कुकर, भात इंडक्शनवर. फुलका आणि ज्वारीची भाकरी मात्र ज्योतीवरच. गॅसचं काम नोंदणी असलेल्या माणसाकडूनच करून घेतलं. आईच्या सामानातला अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, लोखंडी तवा चालतो. तळाला फ्रीजवरचं चुंबक चिकटतं का ते बघायचं, चिकटलं तर चालतं.

आईचा व्हिसा सहा महिन्यांचा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिचं विमान होतं आणि भिंतीच्या फरश्या अजून लागल्या नव्हत्या. ओकचा फळा मात्र बसला होता. शेवटचे अकरा दिवस तिनं त्यावर लाटलं. समोर लेक स्टुलावर गृहपाठ घेऊन, पलीकडे तव्याशी नवरा. पोळी फिरवून टाकायला तो तेव्हाच शिकला. शेजारच्या आजी एका दुपारी आल्या, फळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की लोणी-मैद्याची पारी लाटायला हीच उंची लागते, आम्ही ती नेहमी टेबलावरच लाटतो. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आईनं त्यांच्या हातात लाटणं दिलं.

परवा सांगलीहून फोन आला. मागे ठोकाठोक ऐकू येत होती. मी विचारलं, काय चाललंय?

"ओटा काढतेय. कडाप्पा साबूत निघाला. चाळीस वर्षं त्यावर लाटलं, आता खाली घेते. गवंडी समोर उभा आहे, त्याला सेंटिमीटर नको, इंचात सांग."

"तीस इंच, आई."

"तीस," ती तिकडे वळून म्हणाली. "टेप धर बरं, माझ्यासमोर."